पोर्टल कुणाचंय?

परभणीत कुठंही माइक घेऊन गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पोर्टल कुणाचंय?" मालक कोण असं नाही बरं का, तर मागं कोण आहे, कोणत्या साहेबाचा पैसा आहे, कोणत्या गटाचं आहे. आम्ही मला धरून चौघं जण बातम्यांचं पोर्टल चालवतो, परभणी, हिंगोली, जालना एवढ्याच पट्ट्यात काम करतो, भाड्याच्या दोन खोल्या, दोन कॅमेरे, एक जुना कॉम्प्युटर. या प्रश्नाला आम्ही कायम एकच सांगायचो, कुणाचंच नाही, आमचंच आहे. जिंतूर रोडवर एका टपरीवर एक आजोबा सरळ म्हणले, "बाई, कुणाचंच नाही असं काही नसतंय. तुम्ही सांगत नाहीत एवढंच."

ते डोक्यात बसलं. कारण ते बरोबर होतं, आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. पैसा कुठून येतो, बातमी कोण ठरवतं, चुकलं तर काय करतो, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं, फक्त आमच्या चौघांच्या मनात होतं आणि तेही प्रत्येकाच्या मनात वेगवेगळं होतं. म्हणून २०२३ च्या डिसेंबरात ठरवलं की हे एकदा लिहूनच काढायचं, 'आमची भूमिका' असं पान करायचं. आठ दिवसांचं काम वाटलं होतं, पाच महिने लागले. ते पाच महिने कसे गेले ते सांगायला हे लिहितेय, कारण आता गावोगाव पोरं-पोरी चॅनल काढायलेत आणि बरेच जण विचारतात की तुम्ही ते पान कसं केलं.

पहिला मसुदा मी एका रात्रीत लिहिला होता. पहिल्याच ओळीत 'निर्भीड, निःपक्षपाती आणि सडेतोड'. आमच्या कॉलनीत एक रिटायर्ड मुख्याध्यापक आहेत, सगळे सरच म्हणतात, पहिल्या दिवसापासून आमचं सगळं वाचतात आणि शुद्धलेखनाच्या चुका फोन करून सांगतात, त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, मग लाल पेननं ते तिन्ही शब्द खोडले. म्हणले, "यातली कोणती ओळ तुम्ही मोडली तर मला दिसंल?" मी गप्प. मग म्हणाले की बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढलं तेव्हा वर तुकोबांचा अभंग घातला होता, भीड धरून आता काय करू असं विचारणारा, पण त्या पाक्षिकाची निर्भीडता आतल्या मजकुरात होती, वरच्या ओळीत नाही. मराठीतला पहिला पेपर 'दर्पण' निघाला १८३२ ला, ६ जानेवारी, त्याच दिवशी आपण पत्रकार दिनाचे सत्कार घेतो, शाल-नारळ घेतो, आणि ते सत्कार करतं कोण ते एकदा बघत जा म्हणले. सर लहानपणापासून संपादक अनंतराव भालेरावांचा 'मराठवाडा' पेपर वाचत मोठे झालेले, त्याच्या आधी तो साप्ताहिक असताना निजामानं बंदी घातली की दुसऱ्या नावानं काढायचे ते त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं. त्या लोकांना 'आम्ही निर्भीड' असं लिहायची गरज पडली नाही हे त्यांचं म्हणणं.

तेव्हापासून प्रत्येक ओळीला तीच कसोटी लावली, ही ओळ आम्ही मोडली तर वाचकाला पकडता येईल का. अशी लावायला लागलो की पानभर मजकुरातलं दोन ओळींच्या वर काही उरेना.

सगळ्यात आधी पैशाचं घेतलं, आणि इथं मला माझं जुनं सांगावंच लागेल. मी अकरा वर्षं एका पेपरची तालुका वार्ताहर होते. बातमीचं मानधन नावापुरतं, खरा पैसा जाहिरातीच्या कमिशनचा. दिवाळी पुरवणीचं टार्गेट, नेत्याच्या वाढदिवसाचं टार्गेट, वर्धापनदिनाचं टार्गेट. एका वर्षी सिंचन विहिरींच्या बोगस बिलांची बातमी माझ्याकडं होती, कागद होते, मजुरांचे फोटो होते, आणि त्याच आठवड्यात ज्याच्या नावावर सगळं येत होतं त्याच्याच दारात अर्ध्या पानाची वाढदिवसाची जाहिरात मागायला मी उभी होते. त्यांनी चहा दिला, चेक दिला, आणि बातमीचं अक्षरही काढलं नाही, काढायची गरजच नव्हती. ती बातमी मी लिहिलीच नाही. मला कुणी लिहू नको म्हणलं नव्हतं. हे मला आजही सलतं, आणि 'दबाव' म्हणलं की लोकांना धमकीचा फोन वाटतो म्हणून मुद्दाम सांगतेय, आमच्याकडं दबाव बहुतेक वेळा चहाच्या कपातून येतो.

म्हणून आमच्या पानावर पहिलं कलम हेच आहे. कोणत्याही पक्षाची, नेत्याची, इच्छुकाची जाहिरात नाही, वाढदिवसाची नाही, श्रद्धांजलीची पण नाही. साखर कारखान्याची नाही, यावर आमच्यात चांगलं वाजलं कारण एका कारखान्याची वर्षभराची ऑफर हातात होती आणि दोन खोल्यांचं भाडं तीन महिने थकलं होतं. पण ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान भाव, द्यायची असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे, ती थकली की आमच्याच पट्ट्यातले शेतकरी आम्हाला फोन करतात, मग त्या दिवशी आम्ही काय करणार होतो? नाही म्हणून कळवलं. किराणा, कपडे, कोचिंग, दवाखाना यांच्या जाहिराती घेतो, वर ठळक 'जाहिरात' लिहून, आणि जाहिरातवाल्याची बातमी निघाली तर बातमी लावायची आणि त्यात खाली लिहायचं की यांची जाहिरात आमच्याकडं आहे. बाकी वाचकांचे महिन्याचे पन्नास-शंभर रुपये यूपीआयवर येतात. दर महिन्याच्या पाच तारखेला जमाखर्च टाकतो, भाडं किती, पेट्रोल किती, कुणाला किती मानधन, सगळं. पहिल्यांदा टाकला तेव्हा मला फार लाज वाटली होती, आपली गरिबी चव्हाट्यावर मांडल्यासारखं. पण ते टाकल्यापासून "कुणाचंय" विचारणाऱ्याला आम्ही मोबाईल पुढं करतो. परभणीत लोकसभेचं मतदान २६ एप्रिल २०२४ ला होतं, त्याच्या आधी पॅकेजचे फोन आले, मुलाखत एवढ्याची, सभा लाइव्ह एवढ्याची, २००९ च्या निवडणुकीनंतर पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन लावलेल्या बातम्यांवर, एवढी चर्चा झाली, छापील पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलनं समिती बसवली, तरी दर विचारायची पद्धत तशीच आहे. आम्ही त्यांना पानाची लिंक पाठवली. दोघांनी परत फोन केला नाही, एकानं शिव्या दिल्या.

आता मुख्य सांगते, ज्याच्यामुळं हे पान खरं तर लिहावं लागलं.

२०२३ चा ऑगस्ट सगळ्यांना आठवत असेल, महिनाभर पावसानं तोंड दाखवलं नाही, सोयाबीन उभ्या उभ्या करपलं. त्या वर्षी मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत १,०८८ शेतकरी आत्महत्यांची नोंद विभागीय आयुक्त कार्यालयाकडं झाली, एकट्या बीडमध्ये २६९. रोज एक-दोन नावं यायची आणि खरं सांगायचं तर आम्ही ती यादीसारखी लावायला लागलो होतो. एका रात्री साडेनऊला एक प्रेस नोट व्हॉट्सॲपवर आली. गाव सांगत नाही. त्यात 'कौटुंबिक वादातून' असं होतं. मी ती ओळ उचलून हेडिंग केलं, जीव कसा दिला तेही लिहिलं, त्याच्या फेसबुकवरून लग्नातला फोटो घेतला, बायकोसोबतचा, आणि वीस मिनिटांत बातमी लावून सगळ्या ग्रुपवर टाकली. गावात एकालाही फोन केला नाही. दुसऱ्याच्या आधी लागली पाहिजे एवढंच डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी त्या माणसाच्या मेव्हण्याचा फोन. आवाज चढलेला नव्हता, हेच जास्त लागलं. "ताई, गावात सगळे म्हणायलेत बायकोमुळं मेला. तुमची बातमी दाखवू दाखवू म्हणायलेत."

मी आणि आमचा व्हिडिओ करणारा पोरगा गाडीवर गेलो, कॅमेरा घरी ठेवून. पत्र्याचं घर, पुढं ओसरी, त्याच्या बायकोची सासू बसलेली. तिनं आत जाऊन युरियाची रिकामी गोणी घडी करून आणली, त्यात सगळे कागद, सातबारा, आठ-अ, सोसायटीची थकबाकीची नोटीस, बँकेचं एक पत्र, पीक विम्याच्या पावत्या, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये एकावर एक नीट लावलेले. तो गेल्यावर नाही, तो असतानाच त्यानं लावून ठेवलेले होते. बँकेचा माणूस आठवड्यात दोनदा येऊन गेला होता, हे शेजारच्या तिघांनी सांगितलं. आम्ही त्या रात्री एक फोन केला असता तर हे सगळं कळलं असतं. शेतकरी कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते ती नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा हे बघून, जिल्ह्याची समिती प्रकरण पात्र की अपात्र ठरवते, आणि घरच्यांना भीती होती की आमची बातमी कुणीतरी फाइलला लावेल. बायको दाराच्या आत बसून होती, चोवीस-पंचवीसची असेल. पूर्ण वेळ काही बोलली नाही. आम्ही उठलो तेव्हा तिनं एकच विचारलं, "तो फोटो काढता येतो का? लोकांच्या मोबाईलमधून?"

येत नाही. हे मी तिला सांगितलं.

परत आल्यावर ऑफिसात भांडण झालं. एक म्हणायला बातमीच डिलीट करू, दुसरा म्हणायला गुपचूप बदलून टाकू, हेडिंग दुसरं करू, कुणाला कळतंय. तोपर्यंत आम्ही तेच करत आलो होतो, पावसाचा आकडा चुकला की बदलून टाकायचा, नाव चुकलं की बदलायचं. पण ज्यांनी बातमी वाचली आणि वाचून त्या बाईबद्दल मत केलं त्यांच्यापर्यंत ते गुपचूप बदललेलं कसं जाणार? शेवटी ठरलं ते असं की बातमी ठेवायची, फोटो आणि जीव देण्याच्या पद्धतीचं सगळं काढायचं, आणि सगळ्यात वर दुरुस्ती लिहायची, तारखेसह. दुरुस्तीत सहसा काय चुकीचं होतं आणि काय बरोबर आहे दोन्ही लिहावं असं म्हणतात, पण इथं चुकीची ओळ परत लिहिली असती तर ती बाई परत त्याच ओळीत सापडली असती, म्हणून लिहिलं की मृत्यूच्या कारणाबद्दल आम्ही कुटुंबाशी न बोलता लिहिलं, ते चूक होतं, कुटुंबाकडं कर्जाच्या थकबाकीची कागदपत्रं आहेत ती आम्ही बघितली. मी 'अनवधानाने' असा शब्द घातला होता. सरांनी खोडला. ते अनवधानानं झालं नव्हतं, घाईनं झालं होतं, आणि तसंच लिहिलं.

मग ती दुरुस्ती पाठवायचं काम. बातमी गेली होती ४१ व्हॉट्सॲप ग्रुपवर. मी स्वतः बसून ४१ ग्रुपवर दुरुस्ती टाकली, तीन ग्रुपमधून आम्हाला काढलेलं होतं तिथल्या ॲडमिनला फोन करून टाकायला लावली, एकानं "झालं गेलं जाऊ द्या ना ताई" म्हणलं, त्याला दोनदा विनवलं. बातमीला जेवढ्या लाइक आल्या होत्या त्याच्या दहाव्या हिश्शानंही लोकांनी दुरुस्ती बघितली नसेल. पण त्या गावच्या ग्रुपवर ती गेली, आणि मेव्हण्याचा मेसेज आला, नुसता नमस्काराचा हात. फाइल पुढं पात्र ठरली, ती त्यांच्या कागदांमुळं, त्यात आमचा काही वाटा नाही.

आमच्या पानावरचं दुसरं कलम तिथून आलं. बातमी जिथं जिथं गेली तिथं तिथं दुरुस्ती गेली पाहिजे. म्हणून आता प्रत्येक बातमी कोणत्या ग्रुपवर टाकली त्याची वही ठेवतो. हे फार कटकटीचं काम आहे, पण वही भरायला लागल्यापासून पोरं बातमी टाकायच्या आधी एकदा परत वाचतात.

आत्महत्येच्या बातमीसाठी प्रेस कौन्सिलनं २०१९ ला मार्गदर्शक सूचना स्वीकारल्यात, जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर, पद्धत लिहू नका, हेडिंग भडक नको, फोटो-व्हिडिओ नको. प्रेस कौन्सिलचा अधिकार आमच्यासारख्या डिजिटलवाल्यांवर चालत नाही, तरी आम्ही त्या छापून भिंतीला लावल्या, आणि खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर देतो, १४४१६. त्याच्या शेजारी शब्दांची यादी लावलीय, जे शब्द प्रेस नोटमधून आले तरी आपण आपल्या तोंडानं म्हणायचे नाहीत. 'कौटुंबिक वादातून', 'प्रेमप्रकरणातून', 'अनैतिक संबंधाच्या संशयातून', 'क्षुल्लक कारणावरून'. माणसाचा जीव गेला त्याला क्षुल्लक कोण म्हणतंय? म्हणायचंच असेल तर 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' लिहायचं आणि घरच्यांना फोन करायचा. जात फक्त तेव्हाच लिहायची जेव्हा जातीमुळं घडलंय, आणि तेव्हा मात्र लपवायची नाही, 'दोन गटांत हाणामारी' असं लिहून वस्तीवर झालेला हल्ला झाकायचा नाही. या एका ओळीवर दोन रविवार गेले. माझ्या मते पूर्ण पानातली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे.

संमतीचं कलम एका ऊसतोड बाईनं शिकवलं. जानेवारीत कारखान्याच्या कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांवर गेलो होतो, उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, पाणी, पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, सगळं ती बोलली, कॅमेऱ्यासमोर, विचारून घेतलं होतं, हो म्हणली होती. निघताना सहज आमच्या पोरानं तिला मोबाईलवर दाखवलं की हे असं दिसंल, असं ग्रुपवर जाईल. ती बघत राहिली आणि म्हणली, "हे मुकादम बघंल की." तिला व्हिडिओ म्हणजे आमच्याजवळ राहणारी वस्तू वाटली होती. मग तिनंच तोड काढली, "हात दाखवा माझे, तोंड नको." तो व्हिडिओ नुसत्या हातांचा आहे, कोयता धरू धरू घट्टे पडलेले. तेव्हापासून आम्ही संमती दोनदा घेतो, बोलायच्या आधी, आणि नंतर स्क्रीनवर दाखवून. नाही म्हणलं तर तिथंच डिलीट.

कायद्याचं वकील मैत्रिणीनं समजावलं. लोक आम्हाला आरएनआय नंबर, म्हणजे पेपरच्या नोंदणीचा नंबर, विचारतात, तो छापील नियतकालिकांसाठी असतो, १ मार्च २०२४ पासून त्याचा नवा कायदा लागू झाला त्यातही नुसत्या वेबसाइटची नोंदणी नाही. आपल्याला बघायचे ते २०२१ चे आयटी नियम. त्यातली आचारसंहिता पाळायला लावणारी कलमं, ९(१) आणि ९(३), मुंबई हायकोर्टानं त्याच वर्षी १४ ऑगस्टला स्थगित केली. तक्रार अधिकारी नेमायचा, २४ तासांत तक्रार मिळाली म्हणून कळवायचं, १५ दिवसांत निकाल द्यायचा, हे त्या नियमांत आहे. सरकारनं आमच्यावर देखरेख करावी हे मला अजिबात मान्य नाही, पण वाचकानं आमच्याकडं उत्तर मागावं हे शंभर टक्के मान्य आहे, म्हणून नियम असो नसो, तक्रारीचा नंबर आणि १५ दिवस आम्ही ठेवले. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख देता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, लहान मुलांसाठी पॉक्सो कायद्याचं कलम २३, मोठ्यांसाठी तेव्हा भारतीय दंड विधानाचं २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ७२ झालं. पण गावाचं नाव, बापाचा धंदा, शाळेचं नाव एवढं लिहिलं की खेड्यात नाव लिहिल्यासारखंच असतं, म्हणून तेही नाही.

पान लागलं मतदानाच्या चार दिवस आधी. जिंतूर रोडच्या त्या आजोबांना प्रिंट काढून नेऊन दिलं. त्यांनी घडी करून खिशात ठेवलं, वाचून सांगतो म्हणले.

पहिली तक्रार आली ती एका माणसाची. त्याच्या अटकेची बातमी आम्ही लावली होती, पुढं तो निर्दोष सुटला, ते आम्ही लावलंच नव्हतं. निकालाची प्रत मागवली, वाचली, बातमीच्या वर निर्दोष सुटल्याचं तारखेसह लिहिलं, वही काढून सगळ्या ग्रुपवर पाठवलं, गुगलवर नाव टाकलं तर ती बातमी येऊ नये एवढं करून ठेवलं. त्याला ती पूर्ण काढून पाहिजे. आमच्यातले दोघं काढा म्हणतात, दोघं म्हणतात अटक खरी होती, खरी बातमी काढायला लागलो तर उद्या मोठ्या माणसांचे वकील रांग लावतील. पंधराव्या दिवशी त्याला लिहून दिलं की दुरुस्ती केलीय, काढायचं अजून ठरलं नाही. तो सकाळी सकाळी फोन करतो. पोरीची सोयरीक जमवायलेत, पाहुणे नाव टाकून बघतात म्हणतो. रविवारी परत बसायचंय यावर, सर पण येतो म्हणलेत.